चांगली येऊ लागलेली साखर

लातूर नवा जिल्हा झाला आणि वडिलांची नांदेडहून तिथल्या कचेरीत बदली झाली. दुष्काळ होता. टँकरची यादी त्यांच्याच टेबलावर असे. मधुमेहाची गोळी नांदेडच्या डॉक्टरांनी लावून दिलेली. पुढे पाय सुजले, दम लागू लागला, तेव्हा लातूरच्या डॉक्टरांनी हृदयाचं औषध दिलं. वडिलांनी त्यांना त्या गोळीबद्दल सांगितलंच नाही. "त्यांचं खातं येगळं हाय," म्हणाले.

मग तपासणीत साखर कधी नव्हे इतकी चांगली येऊ लागली. वडिलांनी श्रेय ज्वारीच्या भाकरीला दिलं.

एका सकाळी गल्लीत टँकर आला. घामाने भिजलेले वडील रांगेपुढे उभे राहिले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "हा लोह्याला न्या." लोहा आमचं गाव, पण ते नांदेड जिल्ह्यात. तरी साहेब सांगतायत म्हणून लोक बाजूला झाले. आई जवळ गेली, तर तिलाच विचारलं, "बाई, अर्ज आणलाय का?"

आईने शेजारणीकडून साखरपाणी आणून पाजलं. थोड्या वेळाने त्यांनी तिला ओळखलं.

आईने लातूरच्या डॉक्टरांना नांदेडची मधुमेहाची गोळी दाखवली. रक्त तपासून ते म्हणाले, "किडनी कमजोर झालीय. गोळी बाहेर पडत नाही, अंगात साचतेय. साखर चांगली नव्हती, कमी पडत होती."

गोळी बदलली. साखर जरा वाढली, याचा वडिलांना अपमान वाटला. आईने दोन्ही डॉक्टरांचे कागद एका पिशवीत घातले. पुढे कुठल्याही दवाखान्यात वडिलांनी तोंड उघडण्याआधी ती पिशवी टेबलावर ठेवायची.