तिसगावच्या ट्रकचा लाल दिवा

हे मी तुमच्या आजोबांनाही कधी सांगितलं नाही. परवा फोनवर तुम्ही म्हणालात, गाडीत इंजिनाचा दिवा लागला की गॅरेजवाला यंत्र जोडतो आणि दोष कळतो. मी नुसतं "हो का?" म्हटलं. त्यापुढे बोलवेना – का, ते आज लिहिते.

मोठ्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. तिसगावात आमचा ट्रक होता. माझे धाकटे दीर तो चालवायचे, कांदा घेऊन नगरला जायचे. त्या वर्षी इंजिन पार बसलं. गावातल्या किसन मिस्त्रीनं ते खोललं आणि नव्यानं बांधून दिलं. आवाज इतका मऊ, की सासूबाईंनीही मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. कोयता, नांगर, नटबोल्टचे पाने यांच्याबरोबर ट्रकचीही पूजा. आत झेंडूचं तोरण मी लावलं – मला सगळं सरळ रेषेत लागतं, ठाऊकच आहे तुम्हाला. मधे ते ओघळत होतं, म्हणून बांगडीतली सेफ्टी पिन काढून डॅशबोर्डखाली घट्ट टोचली.

दसऱ्याला भाऊजींनी ट्रक सुरू केला. इंजिन चालू झालं की तेलाचा लाल दिवा विझायला हवा. तो विझेना.

"काय मिस्त्री, इंजिन बांधलं का आकाशकंदील?" भाऊजींनी टोमणा मारला.

"तेल तर भरपूर हाय," किसन म्हणाला. "मग ह्यो का जळतोय?"

ट्रकचं पुस्तक इंग्रजीत होतं, आणि इंग्रजी फक्त मला येत होतं. मी ओट्यावरून खड्या आवाजात वाचलं – दिवा विझला नाही तर इंजिन ताबडतोब बंद करा. म्हणजे नगरच्या वायरमनकडे ट्रक नेणंही शक्य नव्हतं. किसननं इंजिनावरची, तेलाचा दाब ओळखणारी दिव्याची कळ बदलली. मग इंजिनाखालचा तेलाचा चेंबर उतरवला, तेलाचा पंप बाहेर काढला. आणि मी? खरं सांगू – मला मजा वाटत होती. कोडं होतं ना! तेल आहे, पंप चांगला आहे, मग दिवा कोणावर रागावलाय?

किसन ट्रकखाली होता तेव्हा सुकलेलं तोरण काढायला मी आत चढले. सहज किल्ली फिरवली. दिवा लागला. पण इंजिनाकडची तार तर त्यानं सोडून बाहेर टांगली होती – मग दिव्याला खबर देत होतं कोण? मी वाकून तारेचा माग काढत गेले. माझी पिन तारेच्या रबरात घुसली होती आणि पलीकडे पत्र्याला टेकली होती. काढली – दिवा विझला. पुन्हा टोचली – लागला. मी हे तीनचारदा केलं. किती आनंद झाला मला, काय सांगू! शोध लागला होता. आणि माझ्या पायांखाली, एका पत्र्याच्या अंतरावर, तो माणूस तेलात माखून स्वतःची चूक शोधत होता.

हाक मारली असती तर? घरभर हसं झालं असतं, एवढंच. शिकलेल्या सुनेचं. मी पिन पुन्हा बांगडीत अडकवली आणि खाली उतरले.

संध्याकाळी सगळं जोडून झालं, इंजिन सुरू झालं, दिवा विझला. "पहिल्यांदाच नीट केलं असतं तर?" सासूबाई म्हणाल्या. किसन हसला नाही. माझ्याकडे आला. "वैनी, तुमी पुस्तक वाचलंय. माझं काय चुकलं हुतं?"

तेव्हाही सांगता आलं असतं. मी म्हणाले, "पंप वाकडा बसला असेल."

नुसती गप्प राहिले असते तर? पण नाही – मी त्याला चूक बनवून दिली. त्यानं कानाला हात लावले. माझ्यावर त्याचा विश्वास होता, म्हणून स्वतःच्या हातांवरचा गेला. त्यानंतर इंजिन बांधायला कोणी आलं की म्हणायचा, "नगरला न्या. माझ्याकडनं पंप वाकडा बसतो." गाड्यांचे स्प्रिंगपाटे आणि ब्रेक तेवढे करत राहिला. वाटेत भेटला की आधी नमस्कार तोच करायचा, आणि मी तो घ्यायचे.

तो वारला तेव्हा ओट्यावर बायका बोलत होत्या – मानूस लई चांगला, पन पंप वाकडा बसवायचा. मी त्यांच्यातच बसले होते. ते वाक्य माझं होतं.