घंटा वाजवणाऱ्या प्रमोदिनीबाई

डॉक्टर शशिधर आठवडाभर साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलात माणसांना भूल देई आणि रविवारी जुने पब बघत हिंडे. कुठे गलबताच्या लाकडाच्या तुळया, कुठे आत बाक टाकून बसावं एवढी शेकोटी. पिणं नावापुरतं. सफरचंदाच्या सायडरचा अर्धा पाइंट, तोही निम्मा उरायचा. त्याला हवी असे ती ठेंगण्या छताखालची संथ दुपार, जिथे कुणाच्याही श्वासावर लक्ष ठेवावं लागत नाही.

दोन हजार सहा साली त्याची आई नागपूरहून राहायला आली. प्रमोदिनीबाईंचा धाकटा दीर दारूपायी गेलेला. घरात बाटलीचं नावही निघत नसे.

"आई आहेत तोवर पब बंद," सुहासिनीनं नवऱ्याला बजावलं.

"बंद कशाला? तिलाच नेतो. तिला नाही पटलं तर कायमचं सोडीन."

"कायमचं? बघ हं, मी साक्षीला आहे."

बोलून गेला आणि लगेच पस्तावला.

विंचेस्टरपलीकडच्या एका खेड्यातला चारशे वर्षांचा, ओळखीचा पब त्यानं निवडला. सिगारेटबंदी अजून यायची होती. आत निळसर धूर, ओल्या कोटांचा वास, पाच-सहा म्हातारे आणि एक झोपलेलं कुत्रं. साडीवर कार्डिगन घातलेल्या प्रमोदिनीबाई वाकून आत शिरल्या, मागोमाग सुहासिनी. बारच्या टोकाला जहाजावरची पितळी घंटा टांगलेली. शशिधर फळ्यावरचा मेन्यू वाचत होता, तेवढ्यात त्यांनी सवयीनं हात वर केला, घंटा दोनदा वाजवली आणि हात कपाळाला लावला.

 अख्ख्या पबनं आरोळी ठोकली.

"काय झालं रे?"

शशिधरचे कान लाल झाले. "आई, इथे घंटा वाजवली की सगळ्यांना पाजावं लागतं."

"काय पाजावं लागतं?"

"दारू."

सुहासिनी छताकडे बघू लागली. मालक हसून म्हणाला, "राहू द्या डॉक्टर, त्यांना कुठे माहीत होतं!" शशिधरनं ते सांगितलं, पण बाईंचा चेहरा दगडासारखाच.

"दारू मी कुणाला पाजणार नाही."

संपलं, शशिधर मनाशी म्हणाला. आता रविवारी बागेतलं गवत कापायचं.

"चहा देतो का हा?"

"देतो की."

"मग सगळ्यांना चहा. घंटा मी वाजवली, काय पाजायचं ते मी ठरवीन."

म्हाताऱ्यांनी निमूटपणे बिअरचे पेले बाजूला सारले. चहा आला. प्रमोदिनीबाईंनी एक घोट घेतला. "अरे बाप्पा! हे तर रंगीत पाणी!" आणि कप घेऊन त्या थेट मालकामागोमाग आतल्या स्वयंपाकघरात गेल्या.

बराच वेळ झाला तरी आल्या नाहीत. "तुझं ठीक आहे रे," सुहासिनी म्हणाली, "आता दर रविवारी आई येणार, म्हणजे मलाही यावं लागणार."

शशिधरनं दारातून डोकावलं. मालक चमचा घेऊन पातेल्यापाशी उभा होता.

"आई, निघायचं का?"

"थांब जरा," प्रमोदिनीबाई न वळता म्हणाल्या, "दुधाला उकळी येऊ दे."