मी मशीन हलकी केली

आमच्या परतुरात कॉम्प्युटरमधलं माझ्याइतकं कुणालाच कळत न्हाई. फक्त ते चालू कुठून व्हतं, हे अजून बायकोला इचारावं लागतं.

दुकान बायकोचं हाय. ऑनलाइन फॉर्म, प्रिंट, झेरॉक्स. ती बारावी शिकलेली, मी दुसरीतून पळालेला. मी झाडतो, कागद भरतो, गिऱ्हाइकाला च्या आणतो. त्या दिशी ती माहेरी जाफराबादला गेल्ती. जाताना मशीन चालू करून बोलली, "प्रिंट तेवढी काढा. बाकी कशाला हात लावू नका."

पण मशीन लई हळू चालून राह्यली व्हती. आदल्या दिशी एक गिऱ्हाईक मला म्हणलं व्हतं, "मामा, नेटवर्कच्या फालतू सेवा मागं चालू असतेत. बंद करा, पळंल मशीन." त्यानं जागाबी दाखवली. म्हणलं, बायको यायच्या आत पळवूनच दाखवू.

सेवांची यादी उघडून बघतो तर सगळं इंग्रजी. मला गाड्यांच्या पाट्यांवरून अक्षरं वळखू येतेत, शब्द न्हाई. मंग आपल्या शेतातला खुरपणीचा कायदा लावला. जे वळखीचं न्हाई, ते तण. उपट! रिमोट तेवढं वळखलं, टीव्हीमुळं. पण दुकानात टीव्ही कुठंय? तेबी बंद. एक रिमोटवाली काही केल्या बंद व्हईना. तिला हात जोडले न् पुढं गेलो.

मशीन खरंच हलकी झाली. मी खुर्चीत मागं रेलून बसलो.

तेवढ्यात एक पोरगी धावत आली. "काका, हॉल तिकिटाची प्रिंट द्या. उद्या सकाळी जालन्याला नर्सिंगची परीक्षा हाय, आन् माझी गाडी आत्ता हाय. जल्दी करा!"

नेटच न्हाई. वायफायचं चिन्हच गायब. समोरचा प्रिंटवाला कुलूप लावून जेवायला गेल्ता. पोरगी एकदा घड्याळाकडं बघे, एकदा माझ्याकडं. डोळे भरून आल्ते बिचारीचे. मी बायकोला फोन लावला.

"काय केलं तुम्ही?"

"काय न्हाई. जरासं तण काढलं."

"कशातलं?"

सांगितलं.

"आता सगळ्या एकदम चालू करू नका. ठिबकचं पाणी अडलं की काय करता? एक कॉक उघडता, ओळीच्या टोकाला जाऊन बघता. तसंच. एक सेवा चालू करा, नेट आलं का बघा. न्हाई आलं तर दुसरी. पहिले यादीच्या शेवटून बघा, वायफायची तिथंच हाय. त्या पोरीला वाचाया लावा."

पोरगी वाचू लागली, मी बटण दाबू लागलो. एक झाली, काय न्हाई. दुसरी झाली, काय न्हाई. पोरीनं बॅग खांद्याला लावली, उतरवली, परत लावली. तिसरीला वायफायचं चिन्ह उगवलं. दोघंबी वरडलो. प्रिंट निघाली तशी पोरगी गरम कागद हातात घेऊन स्टेशनकडं पळाली, पैसे द्यायचंबी इसरली. मला तर असं वाटलं, जसं मीच परीक्षा पास झालो.

फोन चालूच व्हता. बायकोनं इचारलं, "निघाली का ती?"

"निघाली. गाडी गावंल तिला. बघ, केलं का न्हाई बराबर?"

"केलं. आता उठा त्या खुर्चीवरून, दुकानाला कुलूप घाला, आन् मी येईस्तोवर बाहेर बसा."