अर्धलीची कोंबडी

अंडं सेक्रेटरीसाहेब कधी आपटून फोडत नसत. बोटातल्या अंगठीनं वरच्या टोकाला हलकीच टिचकी मारून भोक पाडत. मग चिमूटभर मीठ, मिरपूड, आणि मान मागं टाकून एका घोटात अंडं आत. मिशी पुसत, खिशातली लवंग दाढेखाली धरत आणि म्हणत, “बेफिकीर राहा बाई, मी आहे ना.”

लवंग बायकोला वास येऊ नये म्हणून. त्यांच्या स्वयंपाकघरात अंड्याचं नाव काढायची सोय नव्हती.

उमरग्याच्या कचेरीत ते अव्वल कारकून होते आणि आमच्या नोकरदारांच्या वसाहतीचे सेक्रेटरी. निजामाच्या काळात सगळं काम उर्दूत केलेलं. राज्य बदलल्यावर चाळिशीत त्यांनी पाटी घेऊन मराठी अक्षर गिरवलं, आणि असं कमावलं की बघत राहावं. फाटकावरची नियमांची पाटी त्यांच्याच हातची. सातवा नियम : ‘वसाहतीत शेळ्या, कोंबड्या पाळण्यास सक्त मनाई आहे.’ त्यातलं ‘सक्त मनाई’ जरा ठळक.

मी रत्नागिरीकडची, चौथीत शाळा सुटलेली. नवरा गेल्यावर मामाच्या ओळखीनं इथल्या दवाखान्यात आया म्हणून लागले. मी बोलले की बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. एकट्या बाईला खोली कोण देणार? ते वसाहतीच्या पंचांपुढं म्हणाले, “बाई माझ्या जबाबदारीवर.” तेव्हापासून ते समोरून आले की मी आपोआप उठून उभी राहायचे.

म्हणून एका बाजारच्या दिवशी त्यांनी पिशवीत, कचेरीच्या कागदांखाली, तांबडी कोंबडी आणली तेव्हा माझ्या तोंडून नाही निघालं नाही.

“कोंबडी माझी, दाणापाणी तुमचं. अंडी निम्मी, पिल्लं निम्मी. अर्धलीनं,” ते म्हणाले. या भागात शेळ्या-कोंबड्या अशाच सांभाळायला देतात.

“आणि तो सातवा नियम?” मी भीत भीत विचारलं.

“लिहिला कुणी? मीच ना?”

न्हाणीमागं डालग्याखाली कोंबडी राहिली. खुडूक झाली तेव्हा त्यांनीच गावातून आणलेली अंडी तिच्याखाली उबवायला ठेवली, सहा पिल्लं निघाली. त्यातलं एक कोंबडा निघालं आणि मोठं होऊन बांग द्यायला लागलं. कुणाला तरी देऊन टाका असं मी म्हणाले, तर ते मान कलती करून ऐकत बसले. “गळा बघा कसा आहे. राहू द्या थोडे दिवस.”

थोड्या दिवसांनी हेच कोंबडेमहाशय शेजारच्या मास्तरीणबाईंच्या वाळत घातलेल्या कुरडयांवरून चालत गेले.

रविवारी सकाळी लिंबाखाली वसाहतीची बैठक बसली. मी घाबरले होते, पण फार नाही. खुर्चीवर तेच होते.

“बाई, या कोंबड्या कुणाच्या?” त्यांनी विचारलं.

मी त्यांच्याकडं पाहिलं. ते हातातल्या कागदाकडं पाहत होते. समोर त्यांची बायको बसलेली. खरं सांगितलं तर यांची अब्रू जाईल, आणि माझ्या म्हटलं तर हे चार शब्द रागावून सोडून देतील, असा मी माझ्या अकलेनं विचार केला.

“माझ्या,” मी म्हटलं.

त्यांनी सातवा नियम वाचला. आठ दिवसांत खोली रिकामी करावी, असं लिहून खाली सही केली. कागद माझ्या हातात दिला. अक्षर नेहमीसारखंच, मोत्यासारखं.

दुपारी ते मागच्या दारानं आले. समजूत घालायला आले असतील म्हणून मी पाट मांडला, अंडं पुढं ठेवलं, मीठ-मिरपूड ठेवली. त्यांनी अंडं प्यायलं. मिशी पुसली.

“अर्धली मोडली म्हणजे वाटणी करावी लागेल,” ते म्हणाले.

कोंबड्या अर्धलीनं द्यायला त्यांनी लोहारा गावात दुसरं घर बघून ठेवलं होतं. कोंबडी आणि तीन पिल्लं त्यांनी पिशवीत घातली, कोंबडा त्या तिनांतच. पिशवीचं तोंड मीच धरलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदाच ते ‘मी आहे ना’ न म्हणता गेले.

मला गावात एका शिंप्याच्या घरी खोली मिळाली. त्या शिंप्याची म्हातारी खाला, म्हणजे मावशी, माझी तीन पिल्लं बघून म्हणाली, “इतकीच? आमची पंधरा हायेत, त्यात सोड.”

सेक्रेटरीसाहेबांची पुढं परंड्याला बदली झाली, नंतर ते दिसले नाहीत. शेवटचे दिसले ते त्याआधी, दवाखान्यात, खोकल्याच्या औषधाच्या रांगेत. मी बाटल्या धूत होते. जवळ येऊन हळूच म्हणाले, “कोंबड्या आहेत का अजून?”

“आहेत.”

ते थांबून राहिले, बोटातली अंगठी फिरवत. ‘सकाळी या’ हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. खोटं कशाला सांगू, अजूनही येतात.

“माझ्या आहेत,” मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. औषधाची बाटली घेतली, दारापाशी थांबून खिशातली लवंग काढली आणि दाढेखाली धरली. त्या दिवशी त्यांच्या तोंडाला लपवावा असा कशाचाच वास नव्हता.