बत्तीचं मँटल

पुन्हा मँटल फुटलं. वीज गेली म्हणून दादाने माळ्यावरची पेट्रोमॅक्सची बत्ती उतरवली होती. मी काच पुसायला घेतली, तेवढ्या धक्क्याने आतल्या मँटलची राख झाली.

“हात लावू नकोस म्हटलं होतं ना!” दादा खेकसला.

मला वैतागच आला. मी रसायनशास्त्र शिकवते. मँटल पहिल्यांदा पेटवलं की त्याचं कापड जळून जातं आणि उरते ती थोरियम या किरणोत्सारी धातूच्या ऑक्साइडची जाळी. लोखंडाचं पाणी होईल अशा आचेतही ती वितळत नाही, उलट पांढरीशुभ्र उजळते. आणि बोट लागलं की भुगा! एवढी आग सोसणाऱ्याला साधा स्पर्श सोसू नये, हा काय न्याय झाला?

वहिनी गेल्यापासून शेत, मुली, सगळं दादा एकटा ओढतोय. ‘कसा आहेस?’ विचारलं की उठून जातो. काय करायचं अशा माणसाचं?

त्याने नवं मँटल बांधलं. बत्ती फरफरत पेटली आणि त्या उजेडात त्याचा चेहरा दिसला. किती खंगलाय! मी नकळत त्याच्या पाठीकडे हात नेला.

“लांब राहा गं,” बत्तीवरची नजर न काढता तो म्हणाला, “आत्ता कुठे पेटलीय.”