भिंतीबाहेरचे तीन पाइप

गेल्या बुधवारी, धाराशिवच्या आमच्या नव्या घरात, मी आप्पांना जन्मात पहिल्यांदा ओरडताना ऐकलं. दुसऱ्या दिवशी वास्तुशांती होती, आणि निमित्त होतं हॉलमधले पाइप...

आप्पा म्हणजे माझे वडील, लोहाऱ्याचे वायरमन. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर उभ्या राहिलेल्या कितीतरी घरांत पहिला दिवा त्यांच्या हातून लागला. आता गुडघ्यांमुळे शिडी सुटली, पण खिशातला टेस्टर काही सुटला नाही. पाहुण्यांकडे गेले तरी आधी बोर्ड बघतात, मग चहा.

तर घराचं काम चालू असताना मी मोबाइलवर एक फोटो बघितला. पांढऱ्या भिंतीवर काळे लोखंडी पाइप उघडेच सोडलेले, वायर त्यांच्यातूनच गेलेली, टोकाला पिवळे बल्ब. मी ठरवूनच टाकलं, आपल्या हॉलमध्ये हेच! नवऱ्याने "आप्पांना विचार" म्हणून नेहमीप्रमाणे अंग काढून घेतलं.

आप्पांनी फोटो लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला. "शुभे, हे काम अर्धवट हाय गं," म्हणाले. मी म्हटलं, अहो ही फॅशन आहे. त्यावर जेवण झाल्यावर हळूच म्हणाले, "लोकं म्हणतील, वायरमनच्या लेकीच्या घरात भिंत फोडायला कुणी मिळालं न्हाय व्हय?"

तेव्हा मला त्यांचं दुखणं कळलं. भिंतीत झिरी मारायची, पाइप आत गाडायचा, वरून गिलावा. बाहेर फक्त बोर्ड दिसला पाहिजे, त्यांच्या धंद्यातली अब्रू ती हीच. आणि मी त्यांना उघडं काम करायला सांगत होते, तेही सगळे सोयरे बघायला येणार असताना. पण मीही त्यांचीच लेक, हट्ट सोडला नाही.

शेवटी "पोरीचा शौक" म्हणून ते तयार झाले. मग मात्र त्यांनीच एका पाइपचे तीन केले! अंगणातल्या कडुनिंबाच्या बेचक्यात पाइप अडकवायचा आणि अंगाचा भार टाकून वाकवायचा... असा एकेक बाक त्यांनी हातानं काढला. "लोखंड हाय, अर्थिंग आधी," हे दिवसातून दहा वेळा.

शिडीवर नवरा, खाली आप्पा. तिन्ही पाइप खिडकीपाशी एकदमच वळतात आणि त्यांच्यातलं अंतर शेवटपर्यंत बोटभरच राहतं. नवरा दोनदा "चालतंय की आता" म्हणाला, आप्पांनी दोन्ही वेळा सगळं उतरवायला लावलं. काम संपल्यावर "झालं तुझ्या मनासारखं" एवढंच बोलले आणि लोहाऱ्याची एसटी धरली. आवडलं की नाही, काही पत्ता लागू दिला नाही.

बुधवारी परत आले ते खाजाचाचांना घेऊन. चाचा गवंडी, आप्पांचे जोडीदार. आप्पांनी झिरी मारायची आणि चाचांनी ती बुजवायची, अशी दोघांची आयुष्यभराची वाटणी. चाचांना चहा देऊन मी आणि आप्पा फुलं आणि केळीचे खांब आणायला बाजारात गेलो.

परत येतो तर दारातूनच ऐकू आलं... ठक, ठक. चाचा स्टुलावर उभे, हातात छिन्नी-हातोडा, पाइप धरणाऱ्या दोन क्लिपा काढून ठेवलेल्या, आणि खाली घमेल्यात सिमेंट कालवलेलं! मागच्या अंगणात उरलेलं सामान त्यांनी शोधून काढलं होतं. मित्राचं काम अर्धं राहिलंय, उद्या चार लोकांत त्याची शोभा होईल, आणि विचारून त्याला लाजवायचं कशाला... म्हणून गुपचूप झाकायला घेतलेलं.

"खाजा! हात लावू नको त्याला!" आप्पांच्या हातातले केळीचे खांब खाली पडले. चाचा घाबरून म्हणाले, "अरे आप्पा, सकाळी पाहुणे येतेत. दोन तासात बुजवून टाकतो, कुणाला कळायचं बी न्हाय."

आप्पा भिंतीपाशी गेले, पाइपवर हात ठेवला. आवाज एकदम खाली आला. "चाळीस वर्षं तू माझं काम झाकत आलास, खाजा. एवढं एक दिसू दे."

मी दारातच उभी राहिले. चाचा सावकाश खाली उतरले, चष्मा लावला, आणि दोन पाइपांच्या मधून बोट फिरवत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. वळणावर थांबले, पुन्हा बोट फिरवलं. "इत्ते साल ऐसा काम मैं सिमेंट में डालता था?" एवढंच बोलले. मग उडालेला टवका त्यांनीच भरून दिला, आणि क्लिपा आप्पांनी बसवल्या. मी स्वयंपाकघरात जाऊन जरा रडून घेतलं, खोटं कशाला बोलू.

वास्तुशांतीच्या दिवशी माझ्या चुलत सासऱ्यांनी विचारलंच, फिटिंगचं काम राहिलं का म्हणून. आप्पा नवा शर्ट घालून तिथंच उभे होते. "न्हाय, झालंय. म्या केलंय," म्हणाले, आणि त्यांना हाताला धरून वळण दाखवायला घेऊन गेले.

ज्या कामावर आम्ही तिघं भावंडं शिकलो, ते काम दिसतं कसं, हे मला बेचाळिसाव्या वर्षी कळलं... आप्पा, लई भारी केलंय तुम्ही.