कुणाला कुठलं पुस्तक

निपाणीजवळच्या आमच्या गावच्या वाचनालयात, ते सांभाळणाऱ्या आक्कांनी "कुठलं पुस्तक पाहिजे?" असं कुणाला कधी विचारलं नाही. त्या विचारायच्या, "घरात सगळी बरी हाईत न्हवं?" मग चेहरा न्याहाळून कपाटाकडे वळायच्या. वडिलांच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी एक कादंबरी मागितली, तर म्हणाल्या, "त्यात शेवटी बाप मरतो. न्हाय देणार. हे प्रवासाचं ने." मला असा राग आला! पण दवाखान्याच्या बाकावर ते प्रवासाचं पुस्तक मी दोनदा वाचलं.

पुस्तकांना नंबर नव्हते. नव्या सुनांचं कपाट मात्र वेगळं. "डाळ शिजंपर्यंत गोष्ट संपली पाहिजे. अर्ध्यात उठायचं म्हंजे जीव अडकतोय गं." आक्कांचं घरी बोलणं कन्नड, वाचन सगळं मराठी. पानाचा कोपरा दुमडलेला दिसला की मात्र कन्नडमध्ये अशी खरडपट्टी काढायच्या की मराठी माणसालाही शब्दन् शब्द कळायचा.

मग आक्कांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येणार नाही आणि उरलेलीही हळूहळू जाईल, असं बेळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं. "पुस्तकं ऱ्हातील गं," आक्का म्हणाल्या, "पर ज्याचं त्याला कोण देणार?" आणि रडल्या. त्यांना रडताना मी पहिल्यांदाच बघितलं.

मी बेळगावजवळच्या मच्छेच्या कारखान्यात ऑफिसात, रोज कॉम्प्युटरसमोरच. म्हटलं, हात्तिच्या, एवढंच ना! ऑनलाइन वाचनालय करू. कितीतरी रविवार खपून नाव, लेखक, पानं, सगळं भरलं. हक्क संपलेली जुनी पुस्तकं स्कॅन केली. मोठ्या ऐटीत शेजारच्या शांताकाकूंना शोधायला बसवलं. काकूंनी आक्कांना सांगावं तसंच टाइप केलं, 'लेक सासरी गेली, घर खायला उठतंय.' उत्तर आलं, 'काहीही आढळले नाही.'

"तुझ्या मशिनीला पुस्तकं ठावं हाईत, माणसं न्हाईत," आक्का म्हणाल्या. माझं तोंड एवढंसं झालं.

पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. प्रत्येक पुस्तकापुढे 'कुणासाठी' असा एक रकाना वाढवला. मी पहिल्या चार ओळी वाचायची, आक्का सांगायच्या. "नोकरी सुटलेल्यासाठी. पहिलं प्रकरण सोड म्हणावं, लई रडकं हाय." "भांडखोर सासूसाठी. कुणी दिलं ते सांगू नका." मी म्हटलं, "आक्का, असलं लिहीत नाहीत हो!" तर म्हणे, "का? बोटं दुखत्यात व्हय?" शेवटचं पुस्तक झालं तेव्हा त्यांना फक्त उजेड आणि अंधार कळत होता. पुढच्या आठवड्यात त्यांची लेक येऊन त्यांना हुबळीला घेऊन गेली. मला वाचनालयात पाऊल टाकवेना.

गेल्या महिन्यात नंदगडहून एका अनोळखी बाईंचा मेसेज आला. वडील गेल्यापासून त्यांची आई कुणाशी बोलत नव्हती. 'आई बोलत नाही' असं शोधल्यावर एक पुस्तक सापडलं. पुढे आक्कांचे शब्द होते, 'घरात कुणी बोलत नाही असं झालं तर मोठ्यानं वाचून दाखवायला.' त्या रोज वाचत गेल्या. चौथ्या दिवशी त्या थांबल्या, तर आई म्हणाली, "पुढं वाच की."

मी तो मेसेज फोनवर आक्कांना वाचून दाखवला. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"ते पुस्तक बारकं हाय, आज-उद्या संपंल त्यांचं," आक्का म्हणाल्या. "लगेच दुसरं लागंल. घे, लिही."